वाफेच्या युगातील आगगाडीचे प्रवासी डबे : ऊब, हवा आणि सुरक्षितता यांचा तांत्रिक-सामाजिक अभ्यास

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंड प्रदेशांतील रेल्वे कंपन्यांसमोर दोन परस्परविरोधी गरजा होत्या. हिवाळ्यात प्रवासी डबे उबदार ठेवणे ही पहिली आणि त्याच डब्यांत ताजी हवा खेळती ठेवणे ही दुसरी. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेच्या व काही प्रमाणात ब्रिटनच्या अनुभवाच्या आधारे शेगडीपासून इंजिनाच्या वाफेपर्यंतचा प्रवास, त्यामागील भौतिकशास्त्र आणि अपघातांनंतर झालेले कायदे यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : वाफेचे इंजिन, प्रवासी डबा, वायुवीजन, अप्रकट उष्मा, सार्वजनिक सुरक्षितता.

१. प्रस्तावना

आगगाडीचा इतिहास लिहिताना सामान्यतः इंजिन, रूळ, पूल आणि वेग यांची चर्चा होते. डब्याच्या आत बसलेला माणूस या चर्चेत क्वचितच येतो. वस्तुतः शून्याखाली पंधरा-वीस अंश तापमानात, धावत्या लाकडी पेटीत पन्नास-साठ माणसांना रात्रभर बसवून नेणे हा एक स्वतंत्र अभियांत्रिकी प्रश्न होता. खिडकी उघडावी तर थंडी, धूर व ठिणग्या आत येतात; बंद ठेवावी तर हवा कोंदट होते. शेगडी पेटवावी तर ऊब मिळते, परंतु डबा उलटल्यास तीच शेगडी प्रवाशांची चिता ठरते. या तिहेरी पेचातून मार्ग कसा निघाला आणि तो निघण्यास इतका विलंब का लागला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शेगडीचे युग

अमेरिकेतील प्रारंभीच्या डब्यांत लाकडावर वा कोळशावर चालणारी लोखंडी शेगडी ठेवलेली असे. तिची उष्णता प्रामुख्याने प्रारणाने व अभिसरणाने पसरे. परिणामी शेगडीजवळचा प्रवासी भाजून निघे आणि दूरच्या बाकावरील प्रवाशाचे पाय गारठून जात. तापलेली हवा छताशी साचत असल्यामुळे एकाच जागी बसलेल्या माणसाचे डोके गरम व पाय थंड अशीही स्थिती होई.

ब्रिटनमध्ये डबे लहान लहान स्वतंत्र कक्षांत विभागलेले असल्याने एका शेगडीने काम भागणे शक्य नव्हते. तेथे गरम पाण्याने भरलेले पत्र्याचे चपटे डबे प्रवाशांच्या पायांखाली ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ही सोय प्रारंभी पहिल्या वर्गापुरतीच होती. मात्र पाणी ८० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांपर्यंत थंड होताना प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे १६७ किलोज्यूल एवढीच उष्णता देते. त्यामुळे हे डबे वाटेतील स्थानकांवर वारंवार बदलावे लागत. १८८० च्या सुमारास लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे अभियंते एफ. डब्ल्यू. वेब यांनी पाण्याऐवजी सोडियम ॲसिटेटचा वापर केला. हा क्षार सुमारे ५८ अंशांना वितळतो आणि पुन्हा गोठताना प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे २६४ किलोज्यूल अप्रकट उष्मा बाहेर टाकतो. द्रव गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठल्यास डबा हलवताच स्फटिकीकरण सुरू होऊन तो पुन्हा तापे. पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम प्रवाशांच्या पायांखाली अशा रीतीने कामास आला.

३. अपघात आणि अग्नी

शेगडीचे खरे स्वरूप अपघातांनी उघड केले. १८ डिसेंबर १८६७ रोजी न्यू यॉर्क राज्यातील अँगोला गावाजवळ एका गाडीचे मागील डबे पुलापाशी रुळांवरून घसरले. शेवटचा डबा खालच्या दरीत कोसळला, शेगड्या उलटल्या आणि लाकडी डब्याने पेट घेतला. सुमारे ४९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू आगीमुळे झाला.

२९ डिसेंबर १८७६ रोजी ओहायो राज्यातील ॲश्टाबुला येथे हिमवादळात लोखंडी पूल कोसळला व पॅसिफिक एक्स्प्रेस नदीच्या खोऱ्यात पडली. सुमारे ९२ लोक दगावले. येथेही पडझडीतून वाचलेले अनेक प्रवासी आगीत सापडले. या दुर्घटनेची एक बाजू विशेष विचारार्ह आहे. गाडी रुळांवरून घसरताच आग आपोआप विझेल अशीच तापन-साधने वापरावीत, असा कायदा ओहायोमध्ये १८६९ सालीच झालेला होता. त्याचे पालन झाले नव्हते, असे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ज्युरीने आपल्या निर्णयात नोंदविले. म्हणजे धोक्याचे ज्ञानही होते आणि नियमही होता. अंमलबजावणी तेवढी नव्हती.

१३ जानेवारी १८८२ रोजी न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेस स्पायटन डायव्हिल येथे थांबलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळली. आगीत बळी पडलेल्यांमध्ये राज्याचे सिनेटर वेबस्टर वॅग्नर हेही होते. आरामदायी शयनयानांचे निर्माते म्हणून त्यांची ख्याती होती. ५ फेब्रुवारी १८८७ रोजी व्हरमाँट राज्यातील हार्टफर्डजवळ एक एक्स्प्रेस गाडी पुलावरून गोठलेल्या नदीवर कोसळली. डबे आणि पाठोपाठ लाकडी पूलही जळाला. तीसहून अधिक माणसे गेली. याच वर्षी न्यू यॉर्क राज्याने प्रवासी डब्यांतील शेगड्यांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

४. पर्यायांचा शोध

शेगडी व वाफ यांच्या दरम्यान एक मधली पायरी होती. विल्यम बेकर यांच्या तापकात डब्याच्या एका टोकाला बंदिस्त भट्टी असे आणि तीत तापलेले पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून आसनांखाली फिरे. गरम पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या घनतेतील फरकामुळेच प्रवाह चालू राही. पंपाची गरज नसे. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ मिसळत. उष्णतेचे वाटप यामुळे पुष्कळ सुधारले. तथापि आग अद्याप डब्यातच होती.

आग डब्यातून पूर्णपणे काढून टाकावयाची, तर उष्णतेचा उगम डब्याबाहेर हवा. गाडीच्या अग्रभागी बॉयलर तर होताच. १८८० च्या दशकात विल्यम मार्टिन व अन्य संशोधकांनी इंजिनाची वाफ नळाने संपूर्ण गाडीभर नेण्याच्या योजना अमलात आणल्या. वाफेची श्रेष्ठता तिच्या अप्रकट उष्म्यात आहे. १०० अंशांची एक किलोग्रॅम वाफ पाण्यात रूपांतरित होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता देते. वर उल्लेखिलेल्या गरम पाण्याच्या डब्याच्या तुलनेत हे प्रमाण तेरापटींहून अधिक आहे.

या व्यवस्थेची रचना पुढीलप्रमाणे होती. चालककक्षातील झडपेने बॉयलरमधील वाफेचा दाब कमी केला जाई. ही वाफ डब्यांखालील मुख्य नळातून मागे जाई व दोन डब्यांमध्ये लवचीक नळीने जोड दिलेला असे. प्रत्येक डब्यात आसनांखालील नळ्यांना वेगळी शाखा असे. वाफ थंड होऊन झालेले पाणी विशिष्ट सापळ्यांतून बाहेर टाकले जाई. गाडी सुटण्यापूर्वी शेवटच्या डब्याची झडप उघडून नळातील पाणी निघून वाफ येऊ लागेपर्यंत वाट पाहावी लागे. त्यात हयगय झाल्यास साचलेले पाणी गोठे, नळ बंद होई आणि मागचे सर्व डबे थंड पडत. विसाव्या शतकाच्या आरंभी डब्यातील नळ्यांमध्ये वाफ जवळजवळ वातावरणीय दाबालाच ठेवणारी नियंत्रके आली. त्यामुळे नळी फुटून प्रवासी भाजण्याचा धोकाही घटला.

५. विलंबाची कारणे

तंत्र उपलब्ध असूनही त्याचा स्वीकार सावकाश झाला, याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. पहिले, तापनासाठी घेतलेली वाफ इंजिनाच्या ओढशक्तीतून वजा होते, ही वाहतूक अधिकाऱ्यांची तक्रार होती. दुसरे, इंजिनापासून सुटा केलेला डबा लगेच थंड पडतो. त्यामुळे स्थानकांत स्वतंत्र बॉयलर उभारून उभे डबे तापवण्याची सोय करावी लागली. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण एकरूपतेच्या अभावाचे होते. एका कंपनीचे डबे दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर जात. परंतु प्रत्येकीची नळीजोडणी वेगळ्या एकस्वाची असल्यास ते एकमेकांस जुळत नसत. शेगडीला मात्र शेजारच्या डब्याशी जुळण्याची गरज नव्हती. धोकादायक साधन स्वयंपूर्ण होते आणि सुरक्षित साधनाला सहकार्याची आवश्यकता होती. कायद्याने सर्वांवर एकाच वेळी सक्ती केल्याशिवाय हा तिढा सुटणे कठीण होते.

६. वायुवीजनाचा प्रश्न

उष्णतेचा प्रश्न सुटत असतानाच हवेचा प्रश्न अधिक तीव्र झाला. शेगडीला जळण्यासाठी हवा लागे व तिच्या धुराड्यातून डब्यातील काही हवा आपोआप बाहेर जाई. वाफेच्या नळ्यांनी हा अनाहूत लाभ नाहीसा केला. डब्याच्या छताचा मधला भाग उंचावून त्याच्या बाजूंना लहान झरोके ठेवण्याची पद्धत १८६० च्या दशकापासून रूढ होत गेली होती. परंतु झरोके उघडल्यास काजळी व निखाऱ्यांचे कण आत येत आणि वाऱ्याचा झोत कोणावर यावा यावरून प्रवाशांत वाद होत.

हवा किती असावी याला शास्त्रीय मापदंड म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये दिला. खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा हजारांत १० भागांपेक्षा अधिक नसावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वायू या प्रमाणात स्वतः विषारी नसून हवा किती शिळी झाली आहे याचा तो निदर्शक आहे, ही त्यांची दृष्टी होती.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स डडली यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९०४ मध्ये त्यांनी विशद केलेल्या पद्धतीत छताच्या कोपऱ्यांवरील तोंडांतून, गाडीच्या गतीमुळेच, हवा आत घेतली जाई. ती खाली उतरून जमिनीलगतच्या मार्गाने वाफेच्या नळ्यांवरून जाई, तापे आणि प्रवाशांच्या पायांशी बाहेर पडे. वापरलेली हवा छतावरील निर्गमद्वारांतून निघून जाई. साठ प्रवाशांच्या डब्यासाठी तासाला ६०,००० घनफूट, म्हणजे दरडोई १,००० घनफूट हवा, हे या रचनेचे प्रमाण होते.

हे प्रमाण साध्या गणिताने तपासता येते. बसलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १,००० घनफूट म्हणजे सुमारे २८,३०० लिटर. त्यामुळे हवेत दहा हजारांत सुमारे ६.४ भागांची भर पडते. त्या काळी बाहेरील हवेतील प्रमाण सुमारे ३ भाग होते. बेरीज ९.४ येते, म्हणजे पेटेनकोफर यांच्या मर्यादेच्या किंचित आत.

मात्र या ताज्या हवेची किंमत मोजावी लागे. ६०,००० घनफूट म्हणजे सुमारे १,७०० घनमीटर, अर्थात सुमारे २,००० किलोग्रॅम हवा. ती उणे १५ अंशांपासून २० अंशांपर्यंत तापविण्यास तासाला सुमारे ७२,००० किलोज्यूल उष्णता, म्हणजेच जवळजवळ ३२ किलोग्रॅम वाफ लागते. दहा डब्यांच्या गाडीसाठी हा आकडा तासाला ३२० किलोग्रॅमवर जातो आणि भिंती व खिडक्यांतून होणारा ऱ्हास त्यात धरलेला नाही. ऊब व हवा हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न होता, हे यावरून स्पष्ट होते.

या विचाराला पुढे महत्त्वाची दुरुस्ती मिळाली. जर्मनीत फ्ल्यूगे यांनी १९०५ मध्ये, कोंदट जागेतील अस्वस्थतेचे कारण कार्बन डायऑक्साइडपेक्षा उष्णता, आर्द्रता व स्थिर हवा हे आहे, असे दाखविले. पुलमन कंपनीचे डॉ. थॉमस क्राउडर यांनी शयनयानांतील हवेचे नमुने तपासून १९११ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. डब्यातील त्रासाचे प्रमुख कारण अतितापन हेच आहे, असा त्यांचाही निष्कर्ष होता. थोडक्यात, वाफेची झडप योग्य वेळी बंद करणे हाही वायुवीजनाचाच भाग ठरला.

७. भारतीय संदर्भ

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली तेव्हापासून येथील प्रश्न बहुतांशी उलट होता. येथे डबा तापवावयाचा नव्हता, तर निववावयाचा होता. दुहेरी छप्पर, उघडझाप करता येणाऱ्या लाकडी झडपा, वाळ्याचे ओले पडदे हे त्यावरील उपाय होत. मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलमध्ये १९३४ साली बर्फाच्या साहाय्याने थंड केलेल्या हवेची सोय झाली. परंतु ही सुखसोय वरच्या वर्गापुरती होती. तिसऱ्या वर्गातील गर्दी व अस्वच्छता यांवर महात्मा गांधींनी १९१७ मध्ये लेखन करून लक्ष वेधले. ब्रिटनमधील गरम पाण्याचे डबे असोत वा येथील गार हवा असो, श्वास व ऊब-गारवा यांचे वाटप वर्गानुसार झाले, हे साम्य नोंद घेण्याजोगे आहे.

८. समारोप

शेगडी गेल्याने डब्यांतील आग पूर्णपणे संपली नाही. दिव्यांसाठी तेल व वायू वापरात राहिले. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथील अपघातात वायुदीप असलेल्या लाकडी डब्यांनी पेट घेतला व दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादी डबे आणि विजेचे दिवे रूढ झाल्यावरच हा धोका ओसरला. वाफेचे तापन मात्र वाफेच्या इंजिनांनंतरही टिकले. डिझेल इंजिनांवर केवळ त्यासाठी वेगळे बॉयलर बसवावे लागले. अमेरिकेत १९७६-७७ च्या कडक हिवाळ्यात जुन्या डब्यांचे वाफेचे नळ गोठून गाड्या खोळंबल्या आणि विजेवरील तापनाकडे वळण्याची निकड अधिक स्पष्ट झाली.

या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. एक, सुरक्षित तंत्र उपलब्ध होणे व ते वापरात येणे यांत मोठे अंतर असू शकते. दोन, ॲश्टाबुलाच्या अनुभवाप्रमाणे, तपासणीविना कायदा हा कागदावरच राहतो. तीन, बंदिस्त जागेतील हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती मोजावी लागते. २०२० नंतर वर्गखोल्यांतील कार्बन डायऑक्साइड मोजून वायुवीजनाचा अंदाज घेण्याची पद्धत जगभर पुन्हा चर्चेत आली. तिचे मूळ पेटेनकोफर यांच्या विचारात आहे. साठ विद्यार्थ्यांच्या बंद वर्गात तास घेणाऱ्या प्राध्यापकाने डडली यांचे दरडोई १,००० घनफुटांचे गणित आपल्या खोलीस लावून पाहावे. शतकापूर्वीच्या आगगाडीच्या डब्यापेक्षा आपला वर्ग किती पुढे आहे, याचे उत्तर त्यातून मिळेल.