पडद्यावरील वाटचाल

मंचरहून तळेघरास निघालेला मनुष्य वाटेंतील पावलें मोजीत बसत नाहीं. घोडेगांव मागें पडलें, डिंभें आलें, घाट चढला, कीं तळेघर जवळ आलें हें तो जाणतो. संगणकावर मराठी लिहिणारा मनुष्य मात्र बहुधा पावलेंच मोजतो. मागील ओळींतील एक शब्द चुकल्याचें ध्यानांत आलें, कीं तो बाणाचें बटण वीस-पंचवीस वेळां दाबतो, नाहींतर हात उचलून माउसकडे नेतो. यांत वेळ थोडाच जातो. पण तेवढ्यांत पुढील वाक्य मनांतून निसटतें. खरी हानि ती.

लुकलुकणारी खूण, म्हणजे कर्सर, हात न उचलतां हलविण्याची युक्ति जुनीच आहे. अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत बिल जॉय यांनीं १९७६ सालीं ‘व्हीआय’ नांवाचा एडिटर रचण्यास आरंभ केला. त्यांच्या पुढ्यांतील यंत्रावर बाणांचीं निराळीं बटणें नव्हतीं. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून हींच अक्षरें अनुक्रमें डावीकडे, खालीं, वर आणि उजवीकडे नेणारीं ठरलीं. पुढें ब्राम मूलेनार यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘विम’नें हीच रीति चालविली.

यांतील मर्म असें: एस्केप दाबलें, कीं अक्षरें लिहिणें सोडून आज्ञा देऊं लागतात. डब्ल्यूनें पुढचा शब्द येतो, बीनें मागचा. शून्यानें ओळीचा आरंभ, डॉलरच्या चिन्हानें शेवट. उजव्या गोल कंसानें पुढचें वाक्य, आणि उजव्या महिरपी कंसानें परिच्छेदाचा शेवट. पाच आणि डब्ल्यू दाबल्यास पाच शब्द एकदम ओलांडले जातात.

मराठीची अडचण निराळीच. ‘स्त्री’ हें कानाला एकच अक्षर. पण युनिकोड पद्धतींत तें स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा भागांत सांठविलेलें असतें. बाणाचें बटण दाबलें असतां कांहीं एडिटर तें एका उडींत ओलांडतात, कांहीं तीन टप्पे घेतात. बॅकस्पेस मात्र बहुधा एकेक भाग खोडतें, म्हणजे प्रथम नुसती वेलांटीच जाते. त्यामुळें ‘आठ अक्षरें मागें’ हा हिशेब भरंवशाचा राहत नाहीं. दोन शब्दांमधील मोकळी जागा मात्र सर्वत्र सारखीच ओळखली जाते. म्हणून मराठी लेखकानें अक्षरांनीं चालूं नये, शब्दांनीं चालावें. आणि जोडाक्षर चुकलें तर तें चिवडीत न बसतां सबंध शब्दच पुन्हा लिहावा. विममध्यें शब्दारंभीं सी आणि डब्ल्यू दाबलें, कीं जुना शब्द जाऊन नव्यासाठीं जागा होते.

दुसरी अडचण कळफलकाची. इनस्क्रिप्ट चालू असतां एच, जे, के, एल या बटणांतून प, र, क, त उमटतात, आणि विमला त्या आज्ञा कळत नाहींत. त्यावर ‘कीमॅप’ ही सोय आहे. ती योजली असतां लिहितांना मराठी आणि चालतांना इंग्रजी अशी वांटणी आपोआप होते.

ज्यांच्या घरीं विम नाहीं, त्यांनींही निराश होण्याचें कारण नाहीं. विंडोजवरील साध्या एडिटरांत कंट्रोल दाबून बाण दाबला, कीं कर्सर शब्दाशब्दानें सरकतो. होम आणि एंड यांनीं ओळीचीं टोकें गांठतां येतात. दूरचें स्थळ हवें असल्यास कंट्रोल व एफ दाबून तेथील शब्दच शोधावा.

या सर्व आज्ञा एका दिवसांत पाठ करूं नयेत. पहिल्या आठवड्यांत केवळ शब्द ओलांडण्याची संवय करावी, दुसऱ्यांत ओळीच्या टोकांची, मग शोधाची. बोटांना वाट पाठ झाली, म्हणजे लक्ष पुन्हा वाक्याकडे राहतें. आणि लिहिणाराला हवें असतें तें एवढेंच.