डोळे पिवळे झाले की ‘नेहमीचंच आहे’ म्हणू नका : पित्तनलिकेची तपासणी समजून घेऊया

समजा, विदर्भातल्या एखाद्या गावात वीस वर्षांची एक मुलगी आहे. तिला सिकलसेल आहे. तिचे डोळे लहानपणापासून थोडे पिवळसर दिसतात, हे घरच्यांना माहीत आहे आणि गावच्या आशाताईंनाही. एके दिवशी जेवणानंतर तिच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागते. उलटी होते. दोन दिवसांत डोळे जास्तच पिवळे होतात, अंगाला खाज सुटते. घरचे म्हणतात, “सिकलसेलचंच आहे, दरवेळी होतं.” शेजारी कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतो. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो आणि मग गाडी शोधायची धावपळ सुरू होते.

या चार दिवसांत एकाही माणसाने एक साधा प्रश्न विचारला नाही : पित्त वाहून नेणारी नळी तुंबली तर नाही ना? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाच्या जवळचा का?

१९५८ साली नागपुरातल्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हापासूनच्या पाहण्यांत विदर्भातील आदिवासी समाजांबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. यात कुणाच्या जातीचा किंवा कर्माचा दोष नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले, म्हणून हे जनुक त्या भागात टिकून राहिले.

सिकलसेल आणि पित्ताचे खडे यांचा संबंध सरळ आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्ताची पेशी साधारण १० ते २० दिवसांत फुटते. पेशी फुटली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तात सोडते. हे द्रव्य सतत जास्त येत राहिले की पित्ताशयात त्याचे काळे, लहान खडे बनतात. वय वाढेल तसे हे प्रमाण वाढते, पण शाळकरी मुलांमध्येही असे खडे सापडतात.

सिकलसेल नसलेल्यांनाही खडे होतात. त्यात कोलेस्टेरॉलचे खडे जास्त असतात आणि स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. म्हणून पुढची माहिती सर्वांसाठीच आहे.

पिशवीतला खडा वेगळा, नळीतला खडा वेगळा

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्यातले काही पित्त यकृताखालच्या लहानशा पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठते आणि घट्ट होते. या पिशवीत ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. आपण जेवलो की पिशवी आकुंचन पावते आणि पित्त मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. ही नलिका साधारणपणे सहा मिलिमीटर रुंद असते. तिच्या तोंडाशी झडपेसारखा एक स्नायू असतो आणि बहुतेकांत स्वादुपिंडाची नळीही त्याच तोंडाशी येऊन मिळते.

खडा पिशवीतच पडून असेल तर कित्येकांना आयुष्यभर त्रास होत नाही. तो पिशवीच्या तोंडाशी अडकला की जेवणानंतर कळा येतात. पण खडा निसटून मुख्य नलिकेत अडकला, तर सारे चित्रच बदलते. पित्त यकृताकडे तुंबते, कावीळ वाढते. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो आणि संसर्ग रक्तात पसरू शकतो. खडा अगदी तोंडाशी बसला तर स्वादुपिंडाला सूज येते. या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

म्हणून “पित्ताशयात खडे आहेत” एवढा रिपोर्ट पुरेसा नाही. नलिकेत काय आहे, हे कळल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही.

साधी कावीळ आणि अडथळ्याची कावीळ

सिकलसेलग्रस्ताचे डोळे एरवीही पिवळसर असतात, त्यामुळे गफलत होते. फरक ओळखायला काही खुणा आहेत. पेशी फुटून होणाऱ्या काविळीत शौचाचा रंग नेहमीसारखा असतो. नलिका तुंबली तर पित्त आतड्यात पोहोचत नाही, म्हणून शौचाचा रंग फिकट, पांढऱ्या मातीसारखा होतो. लघवी गडद चहासारखी होते. अंगाला खाज सुटते.

रक्ताच्या तपासणीतही हा फरक दिसतो. एकूण बिलिरुबिनबरोबर ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन किती आहे ते पाहावे लागते. नलिका तुंबली की डायरेक्टचा आकडा आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढतात. नुसता एकूण आकडा पाहून “सिकलसेलमध्ये असतंच” असे म्हणणे धोक्याचे आहे.

अर्थात, प्रत्येक वाढलेली कावीळ खड्यामुळेच होते असेही नाही. सिकलसेलमध्ये यकृताच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबूनही कावीळ वाढते. विषाणूंमुळेही कावीळ होते. या सगळ्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. अंदाजाने औषध देण्यापेक्षा आत डोकावून पाहावे लागते ते यासाठीच.

आत डोकावण्याचे मार्ग

शंभर वर्षांपूर्वी आत पाहायचे म्हणजे पोट फाडावे लागे. १९२४ साली अमेरिकेतल्या ग्रॅहम आणि कोल यांनी क्ष-किरणांत दिसणारे औषध देऊन पित्ताशयाची प्रतिमा घेतली. १९३१ मध्ये अर्जेंटिनाचे शल्यविशारद मिरिझी यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच नलिकेत औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतले. आज त्याच वाटेवर आपण बरेच पुढे आलो आहोत.

पहिली पायरी सोनोग्राफी. ती स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, गरोदर स्त्रीचीही करता येते. पित्ताशयातले खडे ती उत्तम दाखवते. तपासणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात ते पिशवी भरलेली असावी म्हणून. चहा पिऊन गेलात तर पिशवी आकसते आणि खडे नीट दिसत नाहीत. मात्र नलिकेचा खालचा भाग आतड्यातल्या वायूआड दडतो, त्यामुळे तिथले बरेच खडे सोनोग्राफीतून निसटतात. अशा वेळी “नलिका फुगलेली आहे” हा शब्दप्रयोग रिपोर्टमध्ये आहे का, ते पाहावे. खडा दिसला नाही तरी फुगलेली नलिका पुढे अडथळा असल्याची शंका दाखवते.

दुसरी पायरी एमआरसीपी. ही एमआरआयचीच एक पद्धत आहे आणि १९९०च्या दशकापासून वापरात आली. यात सहसा सुई नाही, औषध नाही, क्ष-किरण नाहीत. स्थिर द्रव या प्रतिमेत पांढरा चमकतो आणि आजूबाजूचे अवयव काळे राहतात. त्यामुळे पित्ताने भरलेल्या नलिकांचे झाड काळ्या पडद्यावर उमटते. मधेच काळा ठिपका दिसला की तो बहुधा खडा. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगणे आवश्यक आहे. काही ठिकाणी याच कामासाठी दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफीही वापरतात. अगदी लहान खडे तिच्यात चांगले सापडतात.

तिसरी पायरी ईआरसीपी. ती पाहण्यापेक्षा काढण्यासाठी आहे. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, नलिकेच्या तोंडातून बारीक नळी आत घालतात, क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडतात आणि पडद्यावर नलिका पाहतात. १९६८ मध्ये अमेरिकेत हा मार्ग प्रथम वापरला गेला. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच नलिकेचे तोंड थोडे कापून खडे काढायला सुरुवात केली. पोट न उघडता खडा फुग्याने किंवा जाळीने ओढून काढता येतो. खडा निघाला नाही तर पित्त वाहते राहावे म्हणून स्टेंट, म्हणजे लहान नळी, बसवतात.

ईआरसीपी जोखमीशिवाय होत नाही. शंभरातील साधारण तीन ते दहा रुग्णांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणे, हेही क्वचित घडते. म्हणून नुसते ‘बघून घेऊ’ म्हणून ईआरसीपी करू नये. आधी सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, शंका उरली तर एमआरसीपी, आणि खडा किंवा संसर्ग असल्याचे स्पष्ट झाले की ईआरसीपी, असा क्रम ठेवतात. थंडी-ताप, कावीळ आणि पोटदुखी तिन्ही एकत्र असतील तर मात्र वेळ घालवायचा नसतो. तिथे तुंबलेले पित्त मोकळे करणे हाच उपचार असतो. दुर्बीण पोहोचत नसेल तर पोटाच्या बाहेरून, यकृतातून सुई घालूनही नलिका मोकळी करता येते.

खडा काढला म्हणजे संपले का?

नाही. पिशवी जागेवर आहे तोवर नवे खडे उतरू शकतात. त्यामुळे नलिका साफ झाल्यावर पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. आज ही शस्त्रक्रिया अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी होते. शस्त्रक्रियेच्या वेळी नलिकांची रचना नीट कळत नसेल किंवा खडा राहिल्याची शंका असेल, तर मिरिझींनी दाखवलेले ते चित्र आजही टेबलावरच घेता येते.

सिकलसेलग्रस्तासाठी यात जास्तीची काळजी आहे. उपाशी ठेवल्याने शरीरातले पाणी कमी होणे, थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता, या तिन्ही गोष्टींनी सिकलसेलचा झटका येऊ शकतो. म्हणून ईआरसीपी असो वा शस्त्रक्रिया, शिरेतून सलाइन, अंग उबदार ठेवणे, ऑक्सिजनवर लक्ष आणि गरजेप्रमाणे आधी रक्त देणे, ही तयारी करावी लागते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलची गोष्ट पहिल्या भेटीतच सांगा, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी गरीब घरात सर्वांत जास्त विसरली जाते. प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. तो साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. कावीळ उतरली, माणूस कामाला लागला, की स्टेंटची आठवण राहत नाही. मग तोच स्टेंट तुंबतो आणि पुन्हा ताप, पुन्हा कावीळ.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

जयंतीच्या निमित्ताने आपण आरोग्य शिबिरे घेतो, सिकलसेलची तपासणी करतो. ती गरजेची आहे. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. पण तपासणीत जे सिकलसेलग्रस्त निघाले, त्यांचे पुढे काय झाले याची वही आपल्याकडे असते का? तिथून कामाला सुरुवात करता येईल.

• वस्तीतल्या प्रत्येक सिकलसेलग्रस्ताच्या पोटाची सोनोग्राफी झाली आहे का, ते विचारा. वारंवार पोट दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवून ती करून घ्या.
• पांढरट शौच, गडद लघवी, खाज, थंडी-ताप या चार खुणा घरोघरी समजावून सांगा.
• कावीळ उतरवणाऱ्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळे करून दाखवले, म्हणून नलिकेतला खडा हलत नाही. वादात न पडता रुग्णाला आधी दवाखान्यात न्या.
• डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : नलिका पाहिली का? तिची रुंदी किती आहे? डायरेक्ट बिलिरुबिन किती आहे?
• स्टेंट बसवला असेल तर काढण्याची तारीख तुमच्या वहीतही लिहा आणि आठवडाभर आधी फोन करा.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधीच त्यांना भेटून आपला उपचार यादीत आहे का, याची खात्री करून घ्या.

त्या मुलीकडे पुन्हा एकदा पाहूया. पहिल्या दिवशी कुणी शौचाचा रंग विचारला असता, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली असती, तर तापाआधीच नलिका मोकळी करता आली असती. त्यासाठी कुणी डॉक्टर असण्याची गरज नव्हती. ‘नेहमीचंच आहे’ असे न म्हणणारा एक माणूस वस्तीत हवा होता. तो माणूस तुम्ही होऊ शकता.