तबकडीची वाटणी

आज प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहात १९०५ साली एक ताडपत्राची पोथी आली. ती कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची होती. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी त्या पोथीवरून १९०९ साली मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, आणि नावापुरताच उरलेला तो ग्रंथ पुन्हा जगाच्या हाती आला. पोथी एकच असली की तिला किती जपावे लागते, हे अशा प्रसंगावरून ध्यानी येते.

याच म्हैसुरात १९६९ साली भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. देशातील लहानमोठ्या भाषांचा अभ्यास, विशेषतः ज्यांना लिखित परंपरा नाही अशा भाषांची नोंद, हे तेथील कार्याचे एक महत्त्वाचे अंग होय. आता अशी कल्पना करावी की, या नगरीतील एखाद्या अभ्यासकाने दूरच्या पाड्यावर जाऊन एका वृद्धेच्या तोंडून गाणी व कहाण्या ध्वनिमुद्रित केल्या आणि आपल्या संगणकात साठवल्या. पुढे ती वृद्धा निवर्तली. संगणक मंदावला, तेव्हा कोणीतरी सल्ला दिला की, हार्ड डिस्कचे दोन भाग करावेत. सल्ला चुकीचा नव्हे. परंतु हे काम कोणत्या आज्ञावलीकडून करून घ्यावे, हा प्रश्न साधा राहत नाही. येथे हात चुकला तर गेलेला आवाज पुन्हा कोठून आणावयाचा?

डिस्कची वाटणी करण्याचा हेतू सरळ आहे. एका भागात संगणक चालविणारी यंत्रणा आणि दुसऱ्यात स्वतःचे संचित ठेवले, तर यंत्रणा बिघडून ती नव्याने बसवावी लागली तरी संचिताला हात लावावा लागत नाही. मात्र येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. दोन्ही भाग एकाच तबकडीवर असतात. तबकडीच निकामी झाली तर दोन्ही बुडतात. सबब वाटणी ही सोय आहे. ती सुरक्षित नक्कल नव्हे.

शेताची वाटणी जशी बांधाने दिसते पण कागदावरच्या नोंदीने ठरते, तशीच गत येथेही आहे. डिस्कच्या आरंभी एक नोंद असते. कोणता भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे तीत लिहिलेले असते. तिला डिस्कचा सातबाराच म्हणावा. १९८३ साली वैयक्तिक संगणकांत रूढ झालेल्या जुन्या पद्धतीत या नोंदीला अवघी ६४ बाइट जागा होती. म्हणून मुख्य भाग चारच करता येत, आणि सामान्यतः सुमारे दोन टेराबाइटच्या पलीकडील जागा तीत मांडता येत नसे. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत सहसा १२८ भागांची सोय असते, आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

वाटणी करणारी आज्ञावली दोन निरनिराळी कामे करते. मोकळ्या जागेत नवा भाग पाडणे म्हणजे मुख्यतः नोंद बदलणे. हे क्षणाचे काम. परंतु भरलेला भाग आक्रसणे वा सरकविणे यांत प्रत्यक्ष मजकूर एका जागेहून दुसरीकडे न्यावा लागतो. त्यास तासन् तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी व अर्धा नव्या जागी अशी अवस्था होते. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न आज्ञावलीच्या कीर्तीचा नसून कामाच्या स्वरूपाचा आहे.

विंडोज यंत्रणेत ‘डिस्क मॅनेजमेंट’ हे साधन मुळातच असते. भाग थोडा आक्रसून उरलेल्या जागेत दुसरा पाडावयाचा असेल तर ते पुरते, व बाहेरून काही आणण्याचे कारण नाही. तथापि न हलणाऱ्या फाइली आड आल्या की ते तेथेच थांबते. भाग वाढवावयाचा तर लगतची पुढचीच मोकळी जागा त्याला लागते. आणि भाग सरकविणे त्याला येत नाही. तेथे ‘जीपार्टेड’ उपयोगी पडते. हे विनामूल्य व मुक्त स्रोताचे असून पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून वापरता येते. त्यामुळे मूळ यंत्रणा निद्रिस्त असताना तिच्या भागावर काम होते. शिवाय सांगितलेली कामे ते आधी यादीत मांडते आणि अंतिम संमती मिळाल्यावरच हाती घेते. विकतच्या आज्ञावल्या अधिक सोप्या वाटतात. पण त्यांच्या फुकट आवृत्तीत नेमके हवे ते काम बंद तर नाही ना, हे आधी पाहावे. एके काळी ‘पार्टिशनमॅजिक’चे नाव सर्वतोमुखी होते, आज ती आज्ञावली इतिहासजमा आहे. म्हणून डिस्कची पद्धत, तिच्यावरील फाइलव्यवस्था आणि कुलूपबंदी या तिन्हींची ओळख आज्ञावलीला आहे की नाही, हे तपासलेच पाहिजे. लिनक्सवरील एक्सएफएस ही फाइलव्यवस्था तर वाढविता येते, पण आक्रसता येत नाही. बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी.

इतके करूनही नोंद पुसली गेली तर घाबरून नवे काही लिहू नये. मजकूर बहुधा जागच्या जागी असतो, आणि ‘टेस्टडिस्क’सारखे साधन हरवलेली नोंद शोधून देऊ शकते. पण हा आपद्धर्म झाला.

त्या अभ्यासकाने करावयाचे पहिले काम आज्ञावली निवडण्याचे नाहीच. दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण नक्कल करावी, ती उघडून वृद्धेचा आवाज ऐकू येतो याची खात्री करावी, आणि मगच वाटणीला बसावे. शामशास्त्र्यांनी छापलेल्या प्रती देशोदेशी गेल्या, म्हणून ‘अर्थशास्त्रा’चे भवितव्य एका पोथीवर अवलंबून राहिले नाही. संगणकातील संचितालाही न्याय तोच लागू आहे.