गाडी सुरू करण्याआधी

सासवडच्या बाजूला मुरमाच्या माळावर आखलेला खासगी ट्रॅक आम्ही पायी फिरतो आहोत. पुढे प्रशिक्षक, म्हणजे सगळ्यांचे सर. त्यांच्यामागे पंधरा वर्षांची मुलगी, तिची आई आणि शेवटी मी. गाडी अजून टेम्पोतच आहे. रात्री पाऊस पडून गेला आहे, आणि पावसानंतर अख्खा ट्रॅक पायाखाली घातल्याशिवाय इथे कुणालाही गाडी सुरू करता येत नाही.

टेबलटॉपपाशी सर थांबतात. सपाट माथ्याचा हा मातीचा उंचवटा. वेगात चढायचं, माथा हवेतूनच ओलांडायचा आणि पलीकडच्या उतारावर टेकायचं.

"चढताना पलीकडचं काय दिसतं?" सर विचारतात.

ती चढाच्या तोंडाशी वाकून बघते. "काहीच नाही, सर."

"मग जाऊन बघून ये."

पलीकडे, पुढचं चाक टेकणार नेमकं तिथेच पाणी साचलेलं आहे. ती बुटाची टाच रोवते. वरचा थर कडक, पण त्याखाली नुसता लगदा. टाच आत जाते. तिला कळतं ते सर बोलण्याआधीच. "आज इथे उडी नाही," ते म्हणतात, "चाकं जमिनीला ठेवून वरून जायचं." तिचा चेहरा उतरतो, पण ती हुज्जत घालत नाही. पुढच्या वळणावरचे दोन सुटे दगड ती न सांगता उचलते आणि लांब भिरकावते. मला ते फार आवडतं.

टेम्पोतून गाडी उतरते. कावासाकीची केएलएक्स १४०, इंजिन १४४ सीसीचं. हेडलाइट नाही, आरसे नाहीत, नंबरप्लेट नाही. ही रस्त्याची गाडीच नव्हे. शिवाय गिअरच्या गाडीच्या परवान्याला १८ वर्षं पुरी लागतात, त्यामुळे घरापासून इथवर गाडी पट्ट्यांनी बांधूनच येते.

तपासणी मुलीने करायची. मेकॅनिकदादा हात मागे बांधून उभे आहेत. आधी हवा. गेजवर १४ पीएसआय. डांबरी रस्त्यापेक्षा हे पुष्कळ कमी, पण टायर थोडा पसरला की मातीला धरून राहतो. फार उतरवली तर मात्र दगडावर आपटून ट्यूब चिमटते, रिम वाकते. मग ती पान्याने एकेक स्पोक वाजवत जाते. टिंग, टिंग, टिंग आणि मध्येच एक थप्प. "हा ढिला आहे, दादा." दादा स्पोकची चावी पुढे करतात, पिळायला तिलाच लावतात.

चेनमध्ये थोडी ढील हवी; मागचं चाक दणक्याने वर गेलं की चेन ताणली जाते. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प ती मुद्दाम कचकून आवळत नाही. गाडी पडली तर लिव्हर फिरून जाते, मोडत नाही. हँडलच्या टोकांना रबर शाबूत आहे का, हे ती बोटांनी चाचपते. उघड्या नळीवर पोट आदळलं तर काय होतं, याचा विचारही नकोसा वाटतो. शेवटी थ्रॉटल. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. दोन्हीकडे पिळून सोडली की मूठ खटकन जागेवर यायलाच हवी. येते.

आता अंगावरचं सामान. गुडघ्यांचे गार्ड, त्यावर पँट, मग पोटरीपर्यंतचे जड बूट. छातीपाठीचं कवच. त्यावर नेक ब्रेस, मान भलतीकडे मुरगळू नये म्हणून. आई हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलवते. गालांची कातडी हेल्मेटबरोबर सरकते, म्हणजे माप बरोबर. याआधीचं हेल्मेट एका पडण्यानंतर बाद केलंय. बाहेरून त्याला फक्त एक चरा होता. पण आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की दुसऱ्या फटक्याला तो कामाचा राहत नाही.

सर तिला सी. एस. संतोष यांचं नाव सांगतात. २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. २०२१ च्या डकारमध्ये सौदी अरेबियात पडून त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली आणि डॉक्टरांना त्यांना कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. इतका तयारीचा माणूसही पडतो, हे सर तिच्यापासून लपवत नाहीत. ती ऐकते आणि हनुवटीखालचा पट्टा दोन्ही कड्यांतून नीट ओवून घेते.

आईच्या हातात पिवळा झेंडा. तिची जागा टेबलटॉपच्या बाजूला, जिथून दोन्ही उतार दिसतात. पलीकडे कुणी पडलं तर मागून येणाऱ्याला ते दिसत नाही. झेंडा हलला की वेग कमी, ओव्हरटेक नाही, उडी नाही. "आणि ताई," सर बजावतात, "पडली तरी तुम्ही झेंडा टाकून धावायचं नाही. तिच्याकडे मी जाईन." आई मान हलवते. यापेक्षा अवघड काम आज इथे कुणालाच दिलेलं नाही.

स्ट्रेचर टेम्पोबाहेर, टेम्पोचं तोंड गेटकडे, किल्ली दादांच्या खिशात. मुलगी गाडी सुरू करते. पहिली चक्कर दुसऱ्या गिअरमध्ये, पायांवर उभी राहून. टेबलटॉप येतो, ती चाकं मातीला टेकवून वरून जाते, ओल्या जागेच्या कडेने उतरते.

"अशीच अजून एक!" सर ओरडतात.