नेत्राभिष्यंदावरील जंतुघ्न द्रव्यें व जुनीं वैद्यकीय बाडें

जुन्या वैद्यकीय बाडांत डोळ्यांच्या औषधांचीं पानें बहुधा असतातच. त्यांवर मोरचूद, टांकणखार, कलखापरी, रसांजन हीं नांवें दिसलीं कीं, आपल्या पूर्वजांस जंतुघ्न चिकित्सा ठाऊक होती असा निर्णय देऊन कित्येक संग्राहक मोकळे होतात. या निर्णयांत सत्यांश आहे. तो नेमका किती, हें पाहणें आम्हांस इष्ट वाटतें.

सुश्रुतानें निदानस्थानांत कुष्ठ, ज्वर व शोष यांच्या पंक्तीस नेत्राभिष्यंद बसविला आहे. सहवास, सहभोजन, एक शय्या, दुसऱ्याचीं वस्त्रें व माळा यांच्या योगें हे रोग एकापासून दुसऱ्यास जडतात, असें तो स्पष्ट सांगतो. म्हणजे संसर्गाचें ज्ञान होतें, जंतूचें नव्हतें. औषधयोजना दोषांच्या उपपत्तीवरून होई, आणि तुत्थ वापरीत तें त्याच्या लेखन, म्हणजे खरवडण्याच्या, गुणास्तव. तरी द्रव्यें निरर्थक होतीं असें नव्हे. दारुहळदीचा काढा दुधासह आटवून रसांजन करीत. त्यांतील बर्बेरीन हें पीतद्रव्य कित्येक जंतूंस मारक ठरलें आहे. खुपऱ्यांवर मोरचुदाची कांडी फिरविण्याची रीत युरोपीय नेत्रवैद्यांतहि विसाव्या शतकापर्यंत होती. मोराक्स व आक्सेनफेल्ड यांनीं १८९६-९७ मध्यें ज्या जंतूचें वर्णन केलें, त्यानें डोळ्यांचे कोपरे लाल होतात. त्यावर जस्ताच्या क्षाराचे थेंब गुणकारी ठरले. कलखापरी ही जस्ताचीच खनिज माती होय. (वाचकांनीं ‘खर्पर’ म्हणजे मडक्याचें खापर समजूं नये, तसेंच रसांजन व स्रोतोंजन एक मानूं नयेत. पहिला वनस्पतीचा अर्क, दुसरें खनिज.)

परंतु द्रव्य हातीं असणें निराळें व त्याचा गुण सिद्ध करणें निराळें. हा भेद लाइपझिग येथील प्रसूतिगृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांच्या कार्यांत उघड दिसतो. परम्याचा जंतु नाइसर यानें १८७९ त शोधिला. प्रसूतीच्या वेळीं तो मातेकडून बालकाच्या डोळ्यांत जातो व थोड्याच दिवसांत दृष्टि नष्ट करूं शकतो. क्रेडे यांनीं आधीं मातांचा जननमार्ग धुवून पाहिला. रोग हटला नाहीं. मग बालकांच्या डोळ्यांस टांकणखाराचें पाणी लाविलें. तेंहि अपुरें पडलें. आपल्या बाडांतील हें द्रव्य तेथें कसास लागलें आणि उतरलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष बोधक वाटते. अखेर १८८० त शेंकडा २ प्रमाणाच्या रौप्यक्षाराचा एकेक थेंब प्रत्येक नवजाताच्या डोळ्यांत घालण्याचा प्रघात त्यांनीं पाडला. पूर्वी शेंकडा दहांच्या आसपास बालकांस होणारा हा रोग शेंकडा एकाहूनहि कमी झाला. प्रत्येक बालकाची नोंद होती म्हणूनच हें सांगतां येतें. पुढें रौप्यक्षाराची जागा इतर औषधांनीं घेतली. १९९५ त केनियांतील तीन हजारांवर बालकांवरील प्रयोगांत शेंकडा २॥ प्रमाणाचें पोव्हिडोन-आयोडीनहि उपयुक्त ठरलें.

आपल्याकडे अशी नोंद मुळींच नाहीं असें नाहीं. तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या (राज्यकाल १७९८–१८३२) पदरीं नेत्ररोग्यांचे वृत्तांत डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवीत. ते सरस्वती महाल ग्रंथालयांत आहेत. क्रेडे यांच्या पूर्वीचें अर्धशतक लक्षांत घेतां या कागदांची योग्यता शंभर नुसख्यांहून अधिक, असें आमचें मत आहे.

नुसखे स्वतःवर करून पाहण्याचा मोह कोणीं धरूं नये. मोरचुदाची मात्रा चुकल्यास बुबुळ जळतें, आणि स्रोतोंजन म्हणून बाजारांत मिळणारा दगड पुष्कळदां शिशाचा असतो. मात्र बाड उलगडतांना मध्यें खोंचलेली एखादी चिठ्ठी सांपडेल. तिच्यांत रोग्याचें नांव, औषधाचे दिवस आणि गुण आला किंवा नाहीं एवढेंच असेल. ती रद्दी म्हणून टाकूं नये; ज्या पानाशीं सांपडली त्याचा अंक तिच्यावर पेन्सिलीनें टिपून बाडांतच ठेवावी.