हिमनदी वाढली म्हणजे थंडी वाढली का?

स्वित्झर्लंडमधील फीश आणि फीशरटाल या गावांतील लोकांनी १६७८ मध्ये एक नवस केला. डोंगरावरची आलेच हिमनदी त्या काळात पुढे सरकत होती आणि तिच्या कडेला साचणारे तळे फुटून खाली पूर येत होते. हिमनदी आणखी वाढू नये, म्हणून गावकरी पिढ्यानपिढ्या प्रार्थना करत राहिले. अखेर २००९ मध्ये त्यांनी हा नवस बदलण्याची परवानगी पोपकडे मागितली आणि ती मिळालीही. आता तिथे हिमनदी आटू नये, म्हणून प्रार्थना होते.

हिमनद्या हवामानाची नोंद ठेवतात, ती अशी. मात्र ही नोंद वाचताना घाई करून चालत नाही. गेल्या काही दशकांतही जगात काही हिमनद्या पुढे सरकल्या आहेत. तशी बातमी आली की ‘मग तापमानवाढ कुठे आहे?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिमनदीच्या कारभारात दडलेले आहे.

जमा आणि खर्च

हिमनदी म्हणजे डोंगरउतारावरून अतिशय संथपणे सरकणारा बर्फ. वरच्या, थंड भागात दरवर्षी हिम पडते, दाबले जाते आणि त्याचा बर्फ होतो. ही जमा. हा बर्फ स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि कमी उंचीवर, उबदार हवेत वितळतो. हा खर्च. जमा जास्त झाली तर काही काळाने हिमनदीचे तोंड पुढे सरकते. खर्च वाढला तर ते मागे हटते.

तापमानाचा संबंध मुख्यतः खर्चाशी येतो. डोंगरावर एक किलोमीटर वर गेले की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजेच तापमान फक्त एका अंशाने वाढले, तरी गोठण्याची रेषा सुमारे १५० मीटर वर सरकते. जिथे कालपर्यंत हिम टिकत होते, तिथे ते वितळू लागते. काही वेळा हिमाऐवजी पाऊसच पडतो. मग खर्च वाढतो आणि जमाही घटते.

पुढे सरकणाऱ्या हिमनद्या

आता अपवादांकडे पाहू. न्यूझीलंडमध्ये १९८३ ते २००८ या काळात किमान ५८ हिमनद्या पुढे सरकल्या. जग तापत असताना त्या प्रदेशात मात्र दक्षिणेकडचे थंड वारे वाढले होते, आजूबाजूचा समुद्रही तुलनेने थंड होता. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळील काही हिमनद्या १९९०च्या दशकात वाढल्या, त्या हिवाळ्यातील भरपूर हिमवर्षावामुळे. तिथे खर्च कमी झाला नव्हता, जमा वाढली होती. पुढे दोन्ही ठिकाणच्या हिमनद्या झपाट्याने मागे हटल्या.

आपल्या शेजारचे उदाहरण काराकोरमचे. सियाचिन याच पर्वतरांगेत येते. पूर्व आणि मध्य हिमालयाला पाऊस-हिम मुख्यतः पावसाळ्यात मिळते. काराकोरममध्ये मात्र हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे हिम आणतात. हा भाग उंच आहे आणि तिथले उन्हाळेही काही दशके फारसे तापले नव्हते. त्यामुळे तेथील अनेक हिमनद्या स्थिर राहिल्या, काही वाढल्या. शास्त्रज्ञांनी याला ‘काराकोरम विसंगती’ असे नावच दिले. अलीकडच्या उपग्रह मोजणीत मात्र तिथलाही बर्फ पातळ होऊ लागल्याचे दिसते.

तोंड फसवते

हिमनदीच्या नुसत्या तोंडाकडे पाहून निष्कर्ष काढणे आणखी एका कारणाने धोक्याचे आहे. मोठ्या हिमनदीला बदल अंगी लागायला काही दशके जातात. वर कमी पडलेल्या हिमाचा परिणाम तोंडापर्यंत पोहोचेतो एक पिढी उलटलेली असते.

हिमालयात दगडमातीचीही भर पडते. अनेक हिमनद्यांचा खालचा भाग दगडगोट्यांच्या जाड थराने झाकलेला असतो. त्याखाली बर्फ सावकाश वितळतो. अशा हिमनदीचे तोंड वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, पण मधला बर्फ मात्र पातळ होत जातो. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. गोमुखाचा नकाशा १९३५ मध्ये तयार झाला. तेव्हापासून तिचे तोंड सुमारे दीड किलोमीटर मागे गेले आहे. परंतु हटण्याचा वेग दशकागणिक कमीजास्त होतो. एखाद्या दशकात तो मंदावला, म्हणून हिमनदी सावरली असे म्हणता येत नाही.

म्हणूनच शास्त्रज्ञ हिमनदीचा संपूर्ण ताळेबंद मांडतात. हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून हे काम चालू आहे. बर्फात खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. वर्षभराने काठी किती उघडी पडली, त्यावरून किती बर्फ वितळला हे कळते. वरच्या भागात खणून नवे हिम मोजतात. काही वर्षे जमेची निघाली. पण सरासरी पाहता या हिमनदीवरचा वर्षाला जवळपास अर्धा मीटर पाण्याइतका बर्फ कमी झाला.

सगळ्यांचा मिळून हिशेब

एक हिमनदी स्थानिक हवेची गोष्ट सांगते. हजारो हिमनद्या एकत्र पाहिल्या की जगाचे तापमान दिसू लागते. डच शास्त्रज्ञ योहानेस ऊर्लेमान्स यांनी २००५ मध्ये १६९ हिमनद्यांच्या लांबीच्या नोंदींवरून जुन्या काळातील जागतिक तापमानाचा अंदाज बांधला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालेली वाढ त्यात दिसली.

त्या सुरुवातीच्या माघारीत नैसर्गिक कारणांचा वाटा मोठा होता, हेही खरे. मात्र २०१४ च्या एका अभ्यासानुसार १९९१ ते २०१० या काळात वितळलेल्या बर्फापैकी सुमारे दोन तृतीयांश बर्फ मानवी कारणांमुळे गेला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत जगातील दोन लाखांहून अधिक हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गमावला. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे महाकाय हिमस्तर यात धरलेले नाहीत.

गोदावरी, कृष्णा या पावसावरच्या नद्या. त्यांना हिमनदीचे पाणी मिळत नाही. पण त्या वीस वर्षांत समुद्राची पातळी जितकी वाढली, तिचा सुमारे एक पंचमांश भाग या हिमनद्यांच्या पाण्याचा होता. तो समुद्र कोकणच्या किनाऱ्यालाही लागतो. उत्तरेत सिंधूच्या खोऱ्याचा प्रश्न अधिक थेट आहे. बर्फ वेगाने वितळतो तेव्हा आधी नदीला पाणी वाढते, त्यामुळे टंचाई जाणवत नाही. साठा आकसला की ऐन उन्हाळ्यात पाणी घटू लागते.

त्यामुळे एखादी हिमनदी वाढल्याची बातमी वाचली, तर ती खोटी मानण्याचे कारण नाही. फक्त तीन गोष्टी विचाराव्यात: ही नोंद किती वर्षांची आहे, तोंड मोजले की पूर्ण बर्फ, आणि आजूबाजूच्या इतर हिमनद्यांचे काय झाले?