रोमन नाण्यांवरचे खून आणि मृत्युदंड

जुनं नाणं म्हटलं की राजाचा चेहरा किंवा एखादी देवता डोळ्यासमोर येते. रोमन लोकांनी मात्र नाण्यांवर चक्क रक्तपातही कोरला. हे तीन नमुने बघा.

🔸 इ.स.पू. ८९, चांदीचा डिनारियस: दंतकथेनुसार टार्पियाने सोन्याच्या कड्यांच्या लोभाने सबाइन शत्रूंना रोमच्या गडाचा दरवाजा उघडून दिला. त्यांनी आत शिरून तिलाच ढालींखाली चिरडलं. नाण्यावर ती कमरेपर्यंत ढालींत गाडली गेलीय आणि हात पसरून दोन सैनिकांना थोपवू पाहतेय. वर चांदणी आणि चंद्रकोर. हे नाणं पाडलं तेव्हा रोमचं आपल्याच इटालियन मित्रांशी युद्ध पेटलं होतं. त्यामुळे हा फितुरांना इशारा होता, असं अनेक अभ्यासक मानतात.

🔸 इ.स.पू. ४२, ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचं नाणं: दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्यांची टोपी आणि खाली सीझरच्या खुनाची तारीख. दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचा चेहरा! खून लपवायचा सोडून त्याने तो मिरवला.

🔸 इ.स. ३४८ नंतरची तांब्याची नाणी: घोड्यासह कोसळलेल्या शत्रूला रोमन सैनिक भाल्याने भोसकतोय. कडेने मजकूर मात्र सुखाचे दिवस परतल्याचा. ही नाणी अमाप पाडली गेली, म्हणून आजही स्वस्तात मिळतात.

वर्तमानपत्रं नसलेल्या काळात सत्तेचा प्रचार असा हातोहाती फिरायचा. पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर नाण्याची मागची बाजू बघायला विसरू नका.

#नाणेशास्त्र #रोमनइतिहास